दोन स्वरांमधली वाट : चेन्नईत घडलेला जॅझ-फ्युजन अल्बम

दारासुरम् (तामिळनाडू) : कुंभकोणमजवळील ऐरावतेश्वर मंदिरात बलिपीठाच्या दगडी पायऱ्या आघात होताच निरनिराळे स्वर देतात, अशी त्यांची ख्याती आहे. चोळ राजा दुसरा राजराज याने बाराव्या शतकात उभारलेल्या या मंदिराचा २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मात्र दगडाचा स्वर जागचा हलत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत, आंदोलित होत जाणारे गमक हा कर्नाटक संगीताचा प्राण; तो दगडातून कसा निघणार?

पडद्यांनी जखडलेल्या गिटारपुढेही हीच अडचण होती. ब्रिटिश गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी ती कशी सोडवली, हे २००८ मध्ये प्रकाशित झालेल्या त्यांच्या ‘फ्लोटिंग पॉइंट’ या अल्बममध्ये ऐकू येते. त्याचे ध्वनिमुद्रण २००७ मध्ये चेन्नईत झाले.

१९४२ मध्ये जन्मलेले मॅक्लॉफ्लिन माइल्स डेव्हिस यांच्या १९६९ मधील ध्वनिमुद्रणांमुळे जॅझविश्वात नावारूपास आले. पुढे त्यांनी अमेरिकेत एस. रामनाथन यांच्याकडे वीणेचे धडे घेतले. वीणावादक तार पडद्यावर आडवी ओढून स्वर चढवतो. गिटारवरही हे साधावे म्हणून त्यांनी ‘शक्ती’ समूहासाठी खास गिटार बनवून घेतली. तिच्या पडद्यांमधील लाकूड कोरून खोलगट केलेले होते. त्यामुळे बोटाच्या दाबाने तार अधिक ताणता येई. जोडीला तिरप्या बसवलेल्या तरफा होत्या.

‘फ्लोटिंग पॉइंट’मध्ये ती अकूस्टिक गिटार नाही. येथे विजेवर चालणारी गिटार आणि गिटार-सिंथेसायझर आहे, तरीही वळणे भारतीयच. ड्रमवर रणजित बारोट, कीबोर्डवर लुई बँक्स हे मुंबईकर, बासवर फ्रेंच वादक आद्रियँ फेरो. यू. राजेश (मेंडोलिन), शशांक (बासरी), देबाशिष भट्टाचार्य (स्लाइड गिटार) आणि निलाद्री कुमार यांचाही सहभाग आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) या चित्रपटामुळे मराठी घरांत पोहोचलेले शंकर महादेवन यांचा आवाजही येथे आहे. ‘अब्बाजी’ ही रचना तबलानवाज अल्लारखा यांना अर्पण केलेली आहे. या अल्बमला ग्रॅमी नामांकन मिळाले.

परके वाद्य आपलेसे करण्याची ही रीत या मुलखाला नवी नाही. तंजावरवर १८५५ पर्यंत मराठ्यांचे राज्य होते. दुसरे सरफोजी यांच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता, आणि त्याच काळात बालुस्वामी दीक्षितर व वडिवेलू यांनी व्हायोलिन कर्नाटक मैफलीत रुजवले. आज त्याला कोणी परके म्हणत नाही. व्हायोलिनला पडदेच नसल्याने त्याचा मार्ग सोपा होता, हेही खरे. गिटारला मात्र आधी स्वतःचे अंग कोरून घ्यावे लागले.

‘शक्ती’चा ‘धिस मोमेंट’ हा अल्बम २०२३ मध्ये, समूहाच्या १९७७ मधील स्टुडिओ अल्बमनंतर तब्बल ४६ वर्षांनी आला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षी १५ डिसेंबर रोजी झाकीर हुसेन यांचे निधन झाले. १९७० च्या दशकात मॅक्लॉफ्लिन यांच्याबरोबर हा प्रवास सुरू करणारा तबला त्या दिवशी थांबला.