मऊ मातीवरचा भराव आणि मॉडेलचा आकडा

खाडीकाठी रस्त्याचा किंवा रेल्वेचा भराव खचला की एक प्रश्न हमखास येतो: आजकाल सगळं संगणकावर मॉडेल करता येतं, मग हे आधी कळलं कसं नाही? हाच समज अहवालांतही दिसतो. काही वर्षांनंतरची खचण तिथे दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांसकट छापलेली असते आणि ती प्रश्न न विचारता स्वीकारली जाते. मऊ चिकणमातीवरच्या भरावाचं वागणं इतकं नेमकं आधी सांगता येत नाही, आणि याची जाहीर परीक्षा झालेली आहे. १९७४ साली एमआयटीने मॅसॅच्युसेट्समधल्या सॉगस इथे, बॉस्टनच्या निळ्या चिकणमातीवर उभा असलेला महामार्गाचा भराव मुद्दाम कोसळेपर्यंत वाढवला. नामवंत तज्ज्ञांना मातीच्या चाचण्या देऊन विचारलं होतं की आणखी किती माती चढवल्यावर तो कोसळेल. उत्तरं २.४ मीटरपासून ८.२ मीटरपर्यंत आली. भराव आणखी ५.७ मीटर चढवल्यावर कोसळला.

यावर लगेच सांगितलं जातं की ते संगणक जुने होते. पण ऑस्ट्रेलियात बॅलिना इथे सुमारे तीन मीटर उंचीचा चाचणी-भराव बांधून, त्याची मोजमापं झाकून ठेवून, २०१६ साली अशीच भाकितं मागवली गेली. तेव्हा आधुनिक सॉफ्टवेअर सर्वांच्या हाताशी होतं. खचणीचे अंदाज त्यातल्या त्यात बरे निघाले. माती बाजूला किती सरकेल आणि छिद्रांतल्या पाण्याचा दाब किती राहील, हे सांगणं अवघडच ठरलं. दोष गणिताचा नाही, जमिनीबद्दल आपल्याला असलेल्या माहितीचा आहे. मऊ चिकणमाती तिच्यातलं पाणी बाहेर पडेल तसतशी खचते. मृद्-अभियंता टर्झागी यांच्या सिद्धांतानुसार खचायला लागणारा वेळ पाण्याला बाहेर पडायला लागणाऱ्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहा मीटर चिकणमातीच्या खाली वाळू असेल तर पाणी दोन्हीकडून निघतं आणि सर्वांत लांबचं अंतर पाच मीटर राहतं. खाली पाणी न सोडणारा थर असेल तर ते दहा मीटर होतं आणि वेळ चौपट. बोअरच्या नोंदीतली एक ओळ चुकली की पाच वर्षांची वीस वर्षं होतात. शिवाय नमुना बाहेर काढतानाच मातीची मूळ रचना बिघडते. असा आकडा दशांशात छापणं ही वाचणाऱ्याची दिशाभूल आहे, आणि ती थांबायला हवी.

"पण प्रबंधांत तर मॉडेलची रेषा मोजमापाशी तंतोतंत जुळते," हा आक्षेप अधिक गंभीर आहे. मृद्-अभियंता लॅम्ब यांनी १९७३च्या रँकिन व्याख्यानात घटनेआधीचं, घटना चालू असतानाचं आणि घटनेनंतरचं भाकीत असे तीन प्रकार वेगळे केले. सुंदर जुळलेल्या रेषा बहुधा तिसऱ्या प्रकारच्या असतात: उत्तर माहीत असताना मातीचे गुणांक बसवलेले. त्यातून शिकता येतं. पुढचा भराव किती खचेल याची हमी मात्र मिळत नाही.

भराव रोलरने नीट दाबला की खचणार नाही, हेही खरं नाही. खचते ती खालची माती. पाणी लवकर निघावं म्हणून मातीत उभ्या घातलेल्या पट्ट्या, म्हणजे बँड ड्रेन, एकूण खचण कमी करत नाहीत, ती लवकर उरकतात. जिओटेक्स्टाइलचा थर भराव घसरू नये म्हणून असतो, खालच्या मातीतलं पाणी निघणं आणि त्यामुळे होणारी खचण तो थांबवत नाही. आणि भराव कोसळण्याचा धोका वर्षांगणिक वाढतो असं मानणाऱ्यांनी उलटं लक्षात घ्यावं: बहुतेक वेळा तो बांधकामादरम्यान आणि लगेच नंतर सर्वाधिक असतो, कारण पाणी निघेपर्यंत नवं ओझं पाणीच पेलतं आणि मातीला बळ आलेलं नसतं.

मग मॉडेल कशासाठी करायचं? कुठे आणि काय मोजायचं हे ठरवण्यासाठी, कोणतं गृहीतक बदललं की निकाल पालटतो हे पाहण्यासाठी, आणि वाचनं आली की अंदाज सुधारण्यासाठी. असाओका यांची १९७८ची पद्धत तर समान अंतराने घेतलेल्या खचणीच्या वाचनांवरूनच अंतिम खचण काढते. पिझोमीटरवर मातीतल्या पाण्याचा दाब चढलेला दिसला की पुढचा थर थांबवायचा, उतरला की चढवायचा, असं काम चालतं. त्यासाठी पिझोमीटर आणि खचण मोजणाऱ्या सेटलमेंट प्लेट जागेवर बसवलेले लागतात आणि रोज वाचणारा माणूस लागतो. अंदाजपत्रकात कात्री लागते ती बहुधा याच दोन ओळींना.