मागणी २८व्या स्लाईडवर होती आणि साहेब नवव्या स्लाईडला उठले

रायगड जिल्ह्यातील एका लहानशा बौद्ध लेणीच्या पायथ्याशी मुरूम उपसायला सुरुवात झाली, तेव्हा नवी मुंबईतील आम्ही सात-आठ लेणी अभ्यासक एका सरकारी कार्यालयात निवेदन घेऊन गेलो. आम्हाला दहा मिनिटे मिळाली होती. त्यासाठी आमच्यातील एका तरुणाने रात्रभर जागून ३१ स्लाईडचे प्रेझेंटेशन तयार केले होते. पहिल्या स्लाईडवर फिरणारे धम्मचक्र, दुसरीवर आम्हा सर्वांची नावे, तिसरीपासून सम्राट अशोक, सातवाहन, महाराष्ट्रातील लेण्यांचे वैभव. खोदकाम थांबवावे ही मागणी २८व्या स्लाईडवर होती. नवव्या स्लाईडला साहेबांना फोन आला आणि ते उठले. जाताना म्हणाले, "माहिती फार छान आहे. निवेदन आवक विभागात देऊन ठेवा."

बाहेर चहाच्या टपरीवर आम्ही थोडा वेळ प्रशासनाला बोल लावला. मग आमच्या एका ताईंनी विचारले, "पण आपण काय मागायला आलो होतो, हे त्यांना कळलं तरी का?" कोणीच काही बोलले नाही.

हल्ली वर्षावासातील व्याख्याने, जयंतीचे कार्यक्रम, शिष्यवृत्तीची मार्गदर्शन शिबिरे, लेणी कार्यशाळा, सगळीकडे प्रोजेक्टर आला आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. पण पडद्यावर काय आणि किती दाखवायचे याचा विचार आपण फारसा करत नाही. त्या दिवसापासून आम्ही जे शिकलो ते इथे मांडत आहोत.

मुख्य गोष्ट स्लाईडच्या तळाशी गाडली गेली तर काय होऊ शकते, याचे एक उदाहरण जगभर अभ्यासले जाते. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान अंतराळात झेपावले. उड्डाणानंतर साधारण ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरील फोमचा एक तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असताना अभियंत्यांनी या धोक्याचा अभ्यास करून नासापुढे स्लाईड सादर केल्या. त्यातील एका महत्त्वाच्या स्लाईडचे शीर्षक दिलासा देणारे होते. खाली मुद्दे, उपमुद्दे, त्यांचेही उपमुद्दे. आणि अगदी शेवटी बारीक अक्षरांत असे की, चाचणीत वापरलेला तुकडा ३ घनइंचाचा होता आणि आदळलेला तुकडा सुमारे १९२० घनइंचाचा. म्हणजे ६४० पट मोठा! ज्या चाचणीच्या आधारे वर दिलासा दिला होता, ती या प्रसंगाला लागूच पडत नव्हती. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. अपघात एका स्लाईडमुळे झाला असे कोणी म्हणत नाही. पण एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाने त्या स्लाईडची केलेली चिकित्सा चौकशी मंडळाच्या अहवालातही घेतली गेली.

आमची २८वी स्लाईड आणि ती शेवटची ओळ, चूक एकाच जातीची आहे. म्हणून आम्ही पहिला बदल शीर्षकांत केला. पूर्वी आमची शीर्षके अशी असत: 'लेणीची सद्यस्थिती', 'समस्या', 'उपाययोजना'. ही शीर्षके कोणत्याही लेणीला, किंबहुना कोणत्याही विषयाला चालतील. आता आम्ही शीर्षकात पूर्ण वाक्य लिहितो: 'खोदकाम पाण्याच्या पोढीच्या जवळ येऊन ठेपले आहे.' खाली एकच फोटो. वाक्य खोटे असेल तर समोरचा लगेच हरकत घेतो, खरे असेल तर त्याला उत्तर द्यावे लागते. 'सद्यस्थिती' या शब्दाला कोण कशाला उत्तर देईल? आणि मागणी पहिल्याच स्लाईडवर. अशोक आणि सातवाहन कुठे पळून जात नाहीत.

आकडे कसे मांडावेत हे शिकायला आपल्याला दूर जावे लागत नाही. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी समाजगटांची तुलना केली. प्राथमिक शिक्षणात दर हजार लोकसंख्येमागे विद्यार्थी किती, तर प्रगत हिंदूंमध्ये ११९, मुसलमानांमध्ये ९२, मराठा आणि तत्सम जातींच्या मध्यम वर्गात ३८ आणि मागासवर्गात १८. सोबत त्यांनी हेही दाखवले की लोकसंख्येच्या क्रमाने मागासवर्ग दुसरा आहे, शिक्षणात मात्र शेवटचा.

त्या भाषणाला प्रोजेक्टर नव्हता, पण यात उत्तम स्लाईडचे सगळे गुण आहेत. एकूण विद्यार्थ्यांचे आकडे दिले असते तर लहान गट आणि मोठा गट यांची तुलनाच झाली नसती. बाबासाहेबांनी सर्वांना एकाच मापाने मोजले, दर हजारी. चारच आकडे घेतले, उतरत्या क्रमाने. मागच्या वर्षी एका विहारातील व्याख्यानात आम्ही हे चार आकडे चार आडव्या पट्ट्यांनी दाखवले. तीन पट्ट्या करड्या, शेवटची निळी. वर शीर्षक: 'लोकसंख्येत दुसरा, शिक्षणात शेवटचा.' मागे बसलेल्या एका आजोबांनी "अठरा?" असे मोठ्याने विचारले, तेव्हा वक्त्याने पुढे काही बोलायची गरजच राहिली नव्हती. हेच आकडे गोल चकतीच्या रंगीत तुकड्यांत भरले असते तर कोणाला काही कळले नसते. त्या फुगीर, तिरप्या चकत्यांचा मोह आपल्या मंडळींना फार आहे, तो सोडावा.

आता अक्षरांकडे. हा भाग इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही, कारण त्यांना मात्रा-वेलांट्यांचा प्रश्न नाही. घरच्या संगणकावर जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली स्लाईड विहारातल्या लॅपटॉपवर उघडली की निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. हा अनुभव ज्याला आला नाही त्याने अजून व्याख्यान दिलेले नाही! उपाय सोपा आहे. टायपिंग युनिकोडमध्येच करावे. मुक्ता, नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट मोफत मिळतात आणि लांबून स्वच्छ दिसतात. शिवाय फाइलची एक पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर आणि एक मोबाइलमध्ये ठेवावी. पीडीएफमध्ये अक्षरे सहसा जागची हलत नाहीत.

देवनागरीत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरे येतात. त्यामुळे मूळ अक्षराला जागा कमी उरते आणि त्याच मापाच्या इंग्रजी अक्षरापेक्षा आपले अक्षर लहान दिसते. आम्ही ३२च्या खाली सहसा जात नाही आणि ओळींमध्ये नेहमीपेक्षा थोडे जास्त अंतर ठेवतो, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षरे ताणून लांब करू नयेत, शिरोरेषा तुटते. खूप ठळकही करू नयेत. 'बुद्ध' हा शब्दच घ्या. जाड केला की 'द्ध'मधील पोकळी भरून जाते आणि प्रोजेक्टरवर तिथे नुसता ठिपका दिसतो.

रंगाबद्दल बोलणे थोडे नाजूक आहे. निळा रंग आपला आहे, पंचरंगी धम्मध्वज आपला आहे, पण ध्वजाच्या पट्ट्यांवर लिहिलेला मजकूर वाचता येत नाही. गडद निळ्यावर पांढरी अक्षरे चांगली दिसतात, लाल अक्षरे डोळ्यांपुढे थरथरतात. दुपारचा कार्यक्रम असेल, खिडक्यांना पडदे नसतील, ट्यूबलाइट चालू असेल, तर गडद पार्श्वभूमी फिकी पडते. तिथे पांढऱ्यावर काळे हेच बरे.

लेणीचे सहा फोटो एका स्लाईडवर लावण्यापेक्षा एकच फोटो पडदाभर दाखवा. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात घ्यावा, म्हणजे कोरलेल्या अक्षरांच्या कडांना सावली येते. भर दुपारी तोच शिलालेख सपाट भिंतीसारखा दिसतो. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक स्तंभांवर दानदात्यांचे लेख आहेत, त्यांत धेनुकाकटचे यवनही आहेत. असा लेख दाखवताना पूर्वी आम्ही फोटो, धम्मलिपीतील नक्कल, देवनागरी वाचन आणि अर्थ असे चारही एकत्र टाकत असू. लोक सरळ अर्थ वाचत, दगडाकडे कोणी बघत नसे. आता आधी पूर्ण चैत्यगृह, मग तो स्तंभ, मग नुसती अक्षरे. त्यातला 'दानं' हा शब्द तेवढा मोठा करतो. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांना सांचीच्या छोट्या लेखांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारा हाच शब्द उमगला आणि लिपीचे कुलूप उघडले. स्लाईडवर दोनच अक्षरे ठेवून आम्ही अर्धा मिनिट गप्प बसतो. मुले स्वतः वाचतात, आणि पुढच्या स्तंभावरचा 'दानं' आमच्याआधी शोधतात.

स्लाईडवरचे वाचून दाखवायचे असेल तर वक्त्याची गरज काय, असा प्रश्न श्रोत्यांना पडतोच. सविस्तर माहिती, संदर्भ, सनावळ्या एका कागदावर छापून हातात द्याव्यात. आणि कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास जाऊन शेवटच्या रांगेत, वयस्कर उपासिका बसतात तिथे बसून, एक तरी स्लाईड वाचून बघावी.

त्या कार्यालयात आम्ही दीड महिन्याने पुन्हा गेलो. या वेळी सहा स्लाईड होत्या आणि एक पानी निवेदन. दुसऱ्याच स्लाईडला, पोढीजवळच्या खोदकामाच्या फोटोवर, साहेबांनी हात वर करून थांबवले. "हा फोटो कधीचा?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. तारीख लिहिलेली नव्हती. मोबाइलमध्ये शोधून सांगेपर्यंत तीन मिनिटे गेली, पण साहेब बसून राहिले, त्यांनी तारीख टिपून घेतली आणि जागेची पाहणी करायला सांगितले. पाहणी झाली आहे, अहवालाची वाट पाहतो आहोत. तेव्हापासून आमच्या प्रत्येक फोटोच्या खालच्या कोपऱ्यात तारीख असते.