सरड्याची धाव



‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण सर्वांनीं शाळेंत पाठ केली आहे. साक्रीस शिक्षक असतांना मीं ती अनेक वर्षें शिकविली. अल्प सामर्थ्याच्या मनुष्याची मजल दूर जात नाहीं, असा तिचा अर्थ फळ्यावर लिहून मी मोकळा होत असें. एके दिवशीं एका विद्यार्थ्यानें विचारलें, “गुरुजी, कुंपणाअलीकडचा सरडा पलीकडे जात नसेल, तर पलीकडचा सरडा कोठून आला?” विषयांतर करूं नकोस, असें सांगून मीं त्यास खालीं बसविलें. खरें पाहतां प्रश्न विषयाला सोडून नव्हता. माझ्याजवळ उत्तर नव्हतें, इतकेंच. तें ऋण फेडावें म्हणून आजचें हें भाषण.

ऐन उन्हाळ्यांत उघड्या माळावर, दगडावर चढून गळ्याखालचा पंखा उघडझांप करणारा लहानसा सरडा आपणांपैकीं कित्येकांनीं पाहिला असेल. हा पंखा नराचा. मादीस बोलावण्यासाठीं आणि प्रतिस्पर्ध्यास बजावण्यासाठीं तो उघडतो. क्यूव्हिए ह्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें १८२९ सालीं पांडिचेरीच्या अशा सरड्यास ‘सिताना पाँटिसेरियाना’ हें नांव दिलें. दख्खनचा सरडा निराळा, असें जर्डन यानें १८७० मध्यें म्हटलें होतें. परंतु पुढें तें मत मागें पडलें आणि हिंदुस्थानांतील बहुतेक पंखेवाले सरडे दीर्घकाळ एकाच नांवाखालीं मोजले गेले.

ही गफलत कशी उकलली, हें समजण्यास आपल्या घरचेंच उदाहरण पुरे. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातानें उतरवितां उतरवितां तींत पाठभेद शिरले; म्हणून एकनाथ महाराजांनीं शके १५०६ मध्यें तिचें शुद्धीकरण केलें. कोणत्याही ग्रंथाच्या दोन प्रतींत तीच ती चूक वारंवार आढळली, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या, असें अनुमान निघतें. आणि दोन प्रतींत पाठभेद जितके अधिक, तितकी त्यांची फाटाफूट जुनी. प्राण्याच्या पेशींतही अशीच एक पोथी असते. तिला डी. एन. ए. म्हणतात. ए, टी, जी आणि सी ह्या चारच अक्षरांत ती लिहिलेली असते. पिढ्यान्‌पिढ्या तिची नक्कल होत जाते आणि क्वचित्‌ एखादें अक्षर बदलतें. संशोधक सरड्याच्या शरीराचा सूक्ष्म अंश मद्यार्कांत जपून ठेवतात, प्रयोगशाळेंत त्यांतील अक्षरें वाचतात, आणि गांवोगांवच्या सरड्यांच्या पोथ्या शेजारीं शेजारीं मांडून त्यांची वंशावळ जुळवितात.

आतां त्या मुलाचें उत्तर. दोहों बाजूंच्या सरड्यांचा पूर्वज एकच. मध्यें नदी, डोंगरकडा किंवा दाट अरण्य आलें, म्हणजे येणेंजाणें थांबतें. मग अलीकडच्या पोथींत एक बदल साठतो, पलीकडच्या पोथींत दुसरा. लाखों वर्षांनीं दोन्ही वंश इतके दुरावतात कीं, त्यांना एका जातीचे म्हणतां येत नाहीं. ज्याची धाव तोकडी, त्याच्या जाती पुष्कळ! म्हणींत जें न्यून ठरलें, तेंच निसर्गांत नवनिर्मितीचें कारण झालें आहे. बेडकांच्या कुळांतही हेंच दिसतें. कोयनेची पिवळी भेक आणि आंबोलीची पिवळी भेक ह्या एकमेकींच्या सख्ख्या आप्त. परंतु आंबोलीची जात स्वतंत्र आहे, हें २००९ मध्यें सिद्ध झालें.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील व्ही. दीपक व प्रवीण कारंथ, तसेच वरद गिरी प्रभृति अभ्यासकांनीं पंखेवाल्या सरड्यांची अशी तपासणी करून २०१६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत पांच नव्या जाती व एक सर्वस्वीं नवें कुल निघालें. त्या कुलाचें शास्त्रीय नांव काय असावें? आपला मराठी ‘सरडा’! साताऱ्याजवळील चाळकेवाडीच्या पठारावर निळा, काळा व नारिंगी पंखा मिरविणारा तो ‘सरडा सुपर्बा’, म्हणजे दिमाखदार सरडा. दुसऱ्या एका जातीस डार्विनचें नांव मिळालें, आणि जर्डनचा दख्खनी सरडाही सन्मानानें परत आला. पुढें २०१८ मध्यें दीपक व कारंथ यांनीं दाखविलें कीं, लक्षावधी वर्षांपूर्वीं द्वीपकल्प कोरडें होत गेलें, त्याबरोबरच ह्या वंशाच्या शाखा फुटल्या. अर्थात्‌ उघडा माळ म्हणजे उजाड झालेलें रान नव्हे. तें ह्या सरड्यांचें फार पुरातन घर आहे.

आमच्या साक्री तालुक्यांत ब्राह्मणवेलच्या परिसरांत पवनचक्क्या फिरत आहेत. तशाच त्या चाळकेवाडीसही आहेत. तेथें मारिया ठाकर, अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनीं केलेला अभ्यास २०१८ मध्यें प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या परिसरांत शिकारी पक्षी सुमारें चौपटीनें कमी आढळले. त्यामुळें सरड्यांची दाटी वाढली. परंतु ते कृश झाले, त्यांच्या पंख्याचे रंग फिके पडले, आणि माणूस अगदीं जवळ येईपर्यंत ते पळेनासे झाले. वीज नको, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु ज्यास आपण दप्तरांत ‘पडीक’ म्हणून नोंदवितों, तेथेंही कोणाचा तरी संसार चाललेला असतो, एवढें ध्यानांत असावें. माळ नांगरला, खणला, झांकला, तर तेथील सरडा दुसरीकडे जाऊन राहील, अशी आशा करण्यांत अर्थ नाहीं. त्याची धाव कुंपणापर्यंतच! त्याची पोथी वाचण्यापूर्वींच ती जळून गेली, तर तिची दुसरी प्रत कोठेंही मिळणार नाहीं.

मुलें सरड्यास दगड मारतात. मीं तें पुष्कळदां पाहूनही न पाहिल्यासारखें केलें. आतां एवढीच विनंती आहे कीं, पुढच्या उन्हाळ्यांत आपल्या मुलांना घेऊन एखाद्या माळावर जावें, दुरूनच तो पंखा पाहावा, आणि मुलांनीं प्रश्न विचारला तर त्यांना खालीं बसवूं नये.