एक पाणी, अनेक वाटेकरी : सर्वांच्या हिताचे वाटप कसे साधावे?

ठाणे जिल्ह्यातून वाहणारी उल्हास नदी ही अनेकांची एकच विहीर आहे. आंध्रा तलावाचे पाणी भिवपुरी येथे वीज निर्माण करून या नदीत येते. पुढे बारवी धरणातून सोडलेले पाणी जांभूळजवळ तिला मिळते. जांभूळ, मोहिली व शहाड या ठिकाणी निरनिराळ्या संस्था हे पाणी उचलतात. औद्योगिक विकास महामंडळ कारखान्यांसाठी उचलते, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका आपल्या नागरिकांसाठी उचलते आणि शहाडच्या योजनेतून ठाणे व भिवंडीपर्यंत पाणी जाते. प्रत्येकीचे पंप वेगळे, गिऱ्हाइके वेगळी आणि गरज वेगळी. नदी मात्र एकच आहे. २०१५ मध्ये पाऊस कमी झाला, तेव्हा पुढील उन्हाळ्यापर्यंत या शहरांना आठवड्यातील ठराविक दिवस नळ बंद ठेवावे लागले. एकाने अधिक उचलले तर दुसऱ्यास कमी पडते, ही गोष्ट त्या वेळी प्रत्येक घरात समजली.

हाच प्रश्न लहान प्रमाणात मुरबाड-शहापूरच्या ओढ्यांवर दरवर्षी उभा राहतो. पावसाळा संपताच गावकरी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून वनराई बंधारा घालतात. भाताची कापणी होते आणि त्या पाण्यावर भेंडी, काकडी व वाल उभे राहतात. माघ-फाल्गुनात पाणी उतरू लागते. वरच्या अंगाचा शेतकरी आपले शेत भिजवून घेतो व शेवटच्या टोकाचा शेतकरी रात्री कंदील घेऊन कोरड्या चारीत उभा राहतो. त्याचे बी, खत व मजुरी अगोदरच जमिनीत गेलेली असते. वाटप चुकले तर त्याचा हंगाम बुडतो.

एका अधिकाऱ्याने सर्व ठरवावे काय?

यावर प्रथम सुचणारा उपाय असा की, एका जाणकार माणसाने सर्वांची माहिती गोळा करावी, हिशेब मांडावा आणि प्रत्येकास किती पाणी द्यावयाचे ते ठरवून द्यावे. वाटेकरी दोन-चार असतील तर हे जमते. परंतु वाटेकरी शंभर झाले म्हणजे अडचणी येतात. कोणाच्या जमिनीत ओल किती आहे, पीक फुलोऱ्यावर आहे की काढणीस आले आहे, घरात माणसे किती आहेत, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. ही माहिती वर जाऊन हुकूम खाली येईपर्यंत परिस्थिती पालटते. शिवाय तो एक माणूस आजारी पडला किंवा पक्षपाती निघाला, तर सारी व्यवस्थाच अडते.

म्हणून शास्त्रज्ञांनी दुसरी वाट शोधली. तिला विकेंद्रित नियोजन म्हणतात. प्रत्येकाने आपला निर्णय स्वतःच घ्यावयाचा. मात्र सर्वांना दिसेल अशी एकच खूण मध्ये ठेवावयाची व तिच्याकडे पाहून प्रत्येकाने आपली मागणी कमी-अधिक करावयाची. १९६० मध्ये जॉर्ज डँटझिग व फिलिप वुल्फ या अमेरिकन गणितज्ञांनी मोठा प्रश्न लहान लहान प्रश्नांत तोडून ते 'भावा'च्या धाग्याने जोडण्याची रीत मांडली. आज वीजजाळी, दूरसंचार व यंत्रमानवांचे ताफे यांच्या नियोजनात या विचाराचा उपयोग होतो.

विजेचे उदाहरण पाहावे. ठाकुर्ली येथे एके काळी रेल्वेचे चोळे वीजकेंद्र होते. अशी अनेक केंद्रे एका जाळीस जोडलेली असतात. जाळीतील विजेची कंपनसंख्या सेकंदास ५० ठेवावयाची असते. मागणी वाढली की ती किंचित उतरते, मागणी घटली की चढते. प्रत्येक केंद्राचा नियंत्रक ही एकच संख्या पाहून हुकुमाची वाट न पाहता आपल्या यंत्राचा जोर वाढवितो वा घटवितो. सूक्ष्म जुळणी पुढे नियंत्रण कक्ष करतो. परंतु पहिला सावरता हात स्थानिकच असतो.

सामाईक पंपाचे उदाहरण

आता ही रीत शेतीच्या हिशेबाने समजून घेऊ. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत.

समजा, एका बंधाऱ्यावर तीन शेतकऱ्यांचा सामाईक पंप आहे व तो आठवड्यास ६० तासच चालू शकतो. पहिल्याची भेंडी आहे, दुसऱ्याची काकडी आहे व शेवटच्या टोकाच्या तिसऱ्याचा वाल आहे. पाण्याचा पहिला तास पीक जगवितो; पुढचा प्रत्येक तास त्याहून थोडे कमी देतो. भेंडीस पहिल्या तासाचा लाभ ९८ रुपये, दुसऱ्याचा ९६, असा दर तासास दोन रुपयांनी उतरत जातो. काकडीचा लाभ ७८ पासून व वालाचा ५८ पासून त्याच रीतीने उतरतो. हे आकडे ज्याचे त्याला ठाऊक आहेत; इतरांस सांगण्याची गरज नाही.

गटाच्या चिटणिसाने फळ्यावर तासाचा एक 'भाव' लिहावा. ज्या तासांचा लाभ त्या भावाइतका वा त्याहून अधिक असेल, तेवढेच तास प्रत्येकाने मागावे. एकूण मागणी ६० हून जितकी अधिक येईल, तिच्या दर तीन तासांमागे चिटणिसाने भाव एक रुपयाने वाढवावा. मागणी कमी आल्यास त्याच प्रमाणात उतरवावा. मग असे घडते :

पहिली फेरी – भाव ८ रुपये. मागणी ४६, ३६ व २६. एकूण १०८ तास.
दुसरी फेरी – भाव २४ रुपये. मागणी ३८, २८ व १८. एकूण ८४ तास.
तिसरी फेरी – भाव ३२ रुपये. मागणी ३४, २४ व १४. एकूण ७२ तास.
चौथी फेरी – भाव ३६ रुपये. मागणी ३२, २२ व १२. एकूण ६६ तास.
पाचवी फेरी – भाव ३८ रुपये. मागणी ३१, २१ व ११. एकूण ६३ तास.
सहावी फेरी – भाव ३९ रुपये. मागणी ३०, २० व १०. एकूण ६० तास.

हिशेब जुळला. चिटणिसास कोणाच्याही शेताची माहिती नव्हती. त्याने फक्त बेरीज केली व भाव लिहिला. तरीही ६० तासांचे याहून अधिक लाभाचे दुसरे वाटप नाही. तिघांना सारखे २० तास दिले असते, तर एकूण लाभ ३,५४० रुपये झाला असता. या वाटपात तो ३,७४० रुपये होतो.

प्रथम हक्क, मग भाव

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. एकूण लाभ २०० रुपयांनी वाढला खरा. परंतु वालवाल्याचे काय झाले? सारख्या वाटपात त्यास ७८० रुपये मिळत होते, आता ४९० च मिळतात. गावाचा लाभ वाढला आणि शेवटच्या टोकाचा माणूस २९० रुपयांनी बुडाला. असे वाटप गणिताने बरोबर असले तरी न्यायाचे नव्हे व ते टिकणारही नाही.

म्हणून प्रथम प्रत्येकाचा २० तासांचा हक्क मान्य करावा. भेंडीवाल्यास ३० तास हवे असतील, तर त्याने वालवाल्याचे १० तास ठरलेल्या ३९ रुपये भावाने घ्यावे व ३९० रुपये द्यावे. आता वालवाल्याचे ४९० व ३९० मिळून ८८० रुपये होतात. भेंडीवाल्याचा लाभ २,०७० रुपये असून त्यातून ३९० वजा जाता १,६८० उरतात. सारख्या वाटपात त्यास १,५८० च मिळाले असते. दोघेही १०० रुपयांनी वर राहिले व काकडीवाल्याचे काहीच बिघडले नाही. रोख पैसा नको असेल, तर पुढील पाळीचे तास किंवा बंधाऱ्यावरील श्रमदान यांच्या रूपाने फेड करता येईल. मात्र हक्काची नोंद अगोदर झाली पाहिजे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणीपंचायत उभी केली. तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठेवता कुटुंबातील माणसांवर ठेवला गेला. त्यामागे हाच न्यायाचा विचार होता.

घाई नडते

भाव किती पावलांनी वाढवावा, यातही तारतम्य हवे. वरील उदाहरणात चिटणिसाने घाई करून दर जादा तासामागे दोन रुपये वाढविले, असे समजा. पहिल्या फेरीत ४८ तास जादा होते, म्हणून भाव ८ वरून १०४ होईल. त्या भावाने कोणीच पाणी मागणार नाही. ६० तास पडून राहतील, म्हणून भाव शून्यावर येईल. मग मागणी १२० तासांवर उसळेल, भाव १२० होईल व पुन्हा पंप बंद पडेल. असे हेलकावे चालू राहतील व हिशेब कधीच जुळणार नाही. दार एकदम उघडणे व एकदम बंद करणे, ही अनेक चाऱ्यांवर दिसणारी चूक याच जातीची आहे. वरून सोडलेले पाणी टोकास पोहोचण्यास वेळ लागतो. बदलाचा परिणाम दिसेपर्यंत दुसरा बदल करू नये.

चिटणीस नसेल तर?

फळा लिहिणारा कोणीच नसेल, तर शेजाऱ्याने शेजाऱ्याशी बोलूनही एकमत साधता येते. या रीतीचा पाया जॉन सिट्सिक्लिस व दिमित्री बर्टसेकस यांनी १९८० च्या दशकात गणिताने पक्का केला. समजा, बंधाऱ्याचे पाणी किती दिवस पुरेल याचा अंदाज चार शेजारी अनुक्रमे ४४, २०, ३६ व २० दिवस असा करतात. पहिला-दुसरा व तिसरा-चौथा यांनी आपसांत सरासरी काढली की अंदाज ३२, ३२, २८, २८ होतात. नंतर दुसरा व तिसरा बोलले की ३२, ३०, ३०, २८ होतात. अशा थोड्याच भेटींत चौघेही ३० च्या अगदी जवळ येतात, व चौघांच्या मूळ अंदाजांची सरासरीही ३० च आहे. चौघांची एकत्र सभा भरविण्याचीही गरज पडली नाही.

परंतु पहिल्याने आपला ४४ चा आकडा काही केल्या सोडला नाही, तर हळूहळू बाकी तिघेही ४४ कडे ओढले जातात व माघातच बंधारा कोरडा पडतो. एक हट्टी किंवा खोटा आकडा सर्व गटास बुडवितो. यावर उपाय एकच : जे मोजता येते ते तोंडी न सांगता सर्वांसमक्ष मोजावे.

आपल्या मुलुखातील जुना वारसा

ही विचारसरणी महाराष्ट्रास परकी नाही. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम आदी नद्यांवर फड पद्धत कित्येक पिढ्या चालत आली आहे. बंधाऱ्याखालील जमिनीचे सामान्यतः चार फड पाडीत व एका फडात एक पीक घेत. पाटकरी पाणी फिरवी. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणते फड भिजवावयाचे हे शेतकरी मिळून ठरवीत. प्रत्येकाची जमीन निरनिराळ्या फडांत असल्याने तोट्याचा वाटा सर्वांवर येई. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर १९९० च्या सुमारास शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांनीच प्रथम पाणीवापर संस्था काढल्या व पुढे साऱ्या प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती आला. शासकीय सिंचन प्रकल्पांवर अशा संस्थांना पाणी मोजून घेण्याचा अधिकार २००५ च्या अधिनियमाने दिला आहे.

ग्राम-कार्यकर्त्यांनी काय करावे?

१. बंधारा बांधून होताच पाण्यात रंगविलेली मोजपट्टी उभी करावी व दर आठवड्यास पातळी सर्वांसमक्ष वाचून फळ्यावर लिहावी. हीच गावाची सामाईक खूण होय.

२. पेरणीपूर्वी प्रत्येकाच्या हक्काचे तास वहीत नोंदवावे. अदलाबदल त्यानंतरच होऊ द्यावी.

३. पातळी उतरू लागताच प्रत्येकाने आपले तास थोडे थोडे कमी करावे. पाणी संपत आल्यावर एकदम निम्मे करू नयेत.

४. मोजणी नेहमी शेवटच्या टोकापासून सुरू करावी. तेथे पाणी पोहोचले, तर वाटेत सर्वांना मिळालेच असे समजावे.

५. निर्णय शेतकऱ्यांनीच घ्यावा. कार्यकर्त्याने बेरीज करावी, फळा लिहावा व वही जपावी.

ओढा लहान असो वा उल्हास नदी असो, प्रत्येकाने एका खऱ्या आकड्याकडे पाहून आपली मूठ थोडी आवळली, तर सर्वांस पुरेल असे वाटप साधते आणि टोकावरच्या वालालाही त्याचे हक्काचे पाणी मिळते. येत्या हंगामात बंधाऱ्याची पहिली गोणी रचण्यापूर्वीच मोजपट्टी, वही व फळा यांची तयारी ठेवावी.