बुद्धिमत्तेत मार्क कमी, म्हणजे बुद्धी कमी?

शिष्यवृत्तीचा निकाल लागला की वाशिम, रिसोड, कारंज्याकडे एक वाक्य हमखास कानावर पडतं : "पोट्टं बुद्धिमत्तेतच कच्चं हाय." गणितात मार्क गेले तर अभ्यास कमी पडला म्हणायचं आणि बुद्धिमत्तेत गेले तर थेट डोकंच कमी! शाळकरी लेकरावर असा शिक्का मारणं चुकीचं आहे.

मुळात हा पेपर म्हणजे आयक्यू चाचणी नव्हेच. शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात 75 पैकी 50 प्रश्न बुद्धिमत्तेचे. नवोदयच्या प्रवेश परीक्षेत 80 पैकी 40 मानसिक क्षमतेचे. संख्यामालिका, आरशातली प्रतिमा, दिनदर्शिका, सांकेतिक भाषा हे शिष्यवृत्तीतले ठरलेले घटक. नमुन्यादाखल एक प्रश्न घ्या. रांगेत सीमा दोन्ही बाजूंनी बारावी आहे, तर रांगेत मुली किती? शिकवणीला जाणारी पोरं 'दुप्पट वजा एक' म्हणत 23 वर गोळा काळा करतात. ज्याला हे सूत्र कुणी सांगितलेलं नाही, तो मनात रांग उभी करतो, सीमाला दोनदा मोजायचं नाही हे स्वतः ओळखतो आणि मग 23 वर पोचतो. विचार खरं तर त्यानं जास्त केला, पण तेवढ्यात पुढचे दोन प्रश्न हुकले. इथे बुद्धीसोबत सराव आणि वेगही मोजला जातो, हे कुठल्याही गुरुजींना ठाऊक असतं. नवोदयच्या एका विद्यालयात तर या परीक्षेतून जास्तीत जास्त 80 मुलं घेतात. यादीत नाव नाही एवढ्यावरून मुलाच्या बुद्धीबद्दल काहीच ठरत नाही.

खऱ्या चाचणीचा प्रकार वेगळा. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ एकेका मुलाला समोर बसवून ती घेतो आणि गुणांची तुलना त्याच वयाच्या मुलांशी करतो. सरासरी 100 धरलेली असते. व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात बिने यांची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली, नागपुरात ए. जे. मालिन यांनी 1969 मध्ये वेक्सलरच्या चाचणीची भारतीय आवृत्ती केली. या चाचण्या निरुपयोगी नाहीत. शाळेतल्या प्रगतीशी त्यांचा बऱ्यापैकी मेळ बसतो आणि कुठल्या मुलाला मदत हवी, हे त्यांतून कळतं.

पण त्यांनाही मर्यादा आहेत. चांगल्या चाचणीतही आकडा पाच-एक गुणांनी वरखाली होऊ शकतो. 92 आणि 96 यांत फरक शोधत बसण्यात अर्थ नाही. मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं. त्याला मराठी शब्दार्थ विचारले, तर बुद्धी किती आणि भाषेची ओळख किती, हे वेगळं काढणं अवघड.

आकडा जन्मभर तोच राहतो, हाही भ्रमच. स्टुअर्ट रिची आणि इलियट टकर-ड्रॉब यांनी 2018 मध्ये सहा लाखांहून अधिक लोकांवरच्या अभ्यासांची एकत्र छाननी केली. शाळेच्या एकेका वर्षामागे आयक्यू साधारण एक ते पाच गुणांनी वाढतो, असं त्यातून दिसलं. म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांमागे ज्याची शाळा सुटते, त्याचा आकडाही मागे राहू शकतो.

आता बाकीचे भ्रम, थोडक्यात.

माणूस मेंदूचा दहाच टक्के वापर करतो : साफ चूक. मेंदूचा कुठलाही मोठा भाग रिकामा बसलेला नसतो.

मोबाइलवर दहा मिनिटांत खरा आयक्यू कळतो : त्या आकड्याला वैद्यकीय किंवा शैक्षणिक किंमत नाही.

आयक्यू 70 च्या खाली गेला की मूल मतिमंद : नुसत्या आकड्यावर हे ठरत नाही. मूल स्वतः जेवतं का, कपडे घालतं का, दुकानातून सामान आणतं का, हेही तपासावं लागतं. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही रोजच्या वागण्याची ही तपासणी आहे.