एका टेलिकास्टरमध्ये किती आवाज मावतात

इलेक्ट्रिक गिटार घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काय वाजवणार?" ब्लूज म्हटलं तर एक गिटार पुढे येते, जॅझ म्हटलं तर पोकळ बॉडीची दुसरी, मेटल म्हटलं तर टोकदार शिंगांची तिसरी. प्रत्येक संगीतप्रकाराला वेगळी गिटार लागते, हे शिकाऊ मुलाच्या मनात तिथेच पक्कं बसतं. हा समज घरच्यांच्या खिशाला महाग पडतो आणि तो बराचसा चुकीचा आहे. तो तपासायला मी टेलिकास्टर निवडली, कारण इतकी साधी इलेक्ट्रिक गिटार दुसरी क्वचितच सापडेल: सपाट लाकडी बॉडी, स्क्रूने बसवलेला नेक, तारांची कंपनं उचलणारे दोन पिकअप, तीन जागांचा स्विच आणि दोन नॉब.

गैरसमज: टेलिकास्टर ही कंट्रीची गिटार

जन्मापुरतं हे खरं आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओदुरुस्ती करणाऱ्या लिओ फेंडरने ती बनवली. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. नाचाच्या हॉलमध्ये कंट्री वाजवणाऱ्या बँडवाल्यांची अडचण मात्र त्याला कळत होती. अँपचा आवाज चढवला की पोकळ गिटार शिट्ट्या मारायला लागायची. भरीव लाकडाने ती पीडा बरीच टळली. 1950 मध्ये ही गिटार ब्रॉडकास्टर नावाने आली. ग्रेच कंपनीच्या ड्रम्सचं नाव जवळपास तेच असल्याने ते बदलावं लागलं आणि 1951 मध्ये टेलिकास्टर हे नाव पडलं. पुढे बेकर्सफील्डच्या बक ओवेन्स आणि डॉन रिच यांनी तिचा खणखणीत आवाज कंट्री संगीतात कायमचा बसवला.

पण गिटार तिथे थांबली नाही. शिकागोच्या ब्लूजमध्ये मडी वॉटर्स लाल टेलिकास्टरवर स्लाइड वाजवत असे. मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत स्टीव्ह क्रॉपरने तिच्यावर सोल संगीताला साजेसे मोजके, नेमके तुकडे वाजवले. अल्बर्ट कॉलिन्स तर तारा मायनर कॉर्डमध्ये लावायचा, कॅपो बराच वर चढवायचा आणि पिक बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी तारा ओढायचा. त्याचा तो बर्फासारखा धारदार आवाज बक ओवेन्सच्या जवळपासही जात नाही. गिटार मात्र त्याच जातीची.

गैरसमज: दणदणीत रॉकसाठी जाडजूड गिटार आणि मोठा अँप हवा

लेड झेपलिन म्हटलं की डोळ्यांसमोर जिमी पेजची लेस पॉल येते. प्रत्यक्षात 1969 चा त्यांचा पहिला अल्बम त्याने प्रामुख्याने टेलिकास्टरवर आणि सुप्रोच्या एका छोट्या अँपवर वाजवला. 1971 च्या 'स्टेअरवे टू हेवन'मधला सोलोही टेलिकास्टरवरचाच आहे. लहान अँप त्याच्या ताकदीच्या टोकापर्यंत नेला की तो लवकर फाटतो, आणि ध्वनिमुद्रणात तो फाटलेला आवाज चांगला भरदार वाटतो.

गैरसमज: जॅझला पोकळ बॉडीच लागते

मला सर्वांत जास्त ऐकू येणारा समज हा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. टोरंटोचा एड बिकर्ट अनेक वर्षं टेलिकास्टरवर जॅझ वाजवत राहिला. 1970 च्या दशकात सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंडबरोबरही तो तीच घेऊन बसला. नंतर त्याने नेकजवळचा पिकअप बदलून हंबकर, म्हणजे गुणगुण मारणारा दोन कॉइलचा पिकअप, बसवला, हेही सांगायला हवं. बॉडी मात्र भरीवच राहिली.

हे कसं जमतं, ते साध्या अकूस्टिक गिटारवरही पाहता येतं. एकच तार आधी ब्रिजपाशी छेडा, मग बाराव्या फ्रेटच्या दिशेने सरकत साउंडहोलच्या पलीकडे छेडा. सूर तोच राहतो, पण आधीचा आवाज पातळ आणि टणक येतो, नंतरचा गोल. पिकअपचंही असंच आहे. ब्रिजजवळ तार फारशी हलत नाही, त्यामुळे तिथल्या पिकअपला मूळ स्वराच्या तुलनेत वरचे उपस्वर जास्त मिळतात. नेककडे तार मोठी झोके घेते आणि मूळ स्वर ठळक होतो. टेलिकास्टरचा ब्रिज पिकअप शिवाय तिरका बसवलेला असतो. त्याची पातळ तारांकडची बाजू ब्रिजला अधिक जवळ असल्याने त्या तारा आणखी चमकतात. म्हणजे स्विच एका टोकाला असला की कंट्री, दुसऱ्या टोकाला नेऊन टोनचा नॉब निम्म्याच्या खाली आणला की मऊ, जॅझला चालणारा आवाज. हा नॉब एका कपॅसिटरमधून वरच्या कंप्रतांना वेगळी वाट करून देतो, त्यामुळे त्या अँपपर्यंत पोचतच नाहीत.

व्हॉल्यूमच्या नॉबकडे तर लोक बघतही नाहीत. तो कायम दहावर असतो. अँप थोडा फाटत असताना तो सहा-सातवर आणा, कुठलंही पेडल न दाबता आवाज स्वच्छ होतो. सोलोची वेळ आली की करंगळीने पुन्हा वर न्या.

मग दुसरी गिटार कधीच लागत नाही का?

लागते, आणि याबाबतीत उत्साहाच्या भरात खोटं बोलू नये. टेलिकास्टरवर नेहमी असतो तो सिंगल कॉइल पिकअप आसपासच्या विजेची गुणगुण उचलतो; आपल्याकडे ती 50 हर्ट्झच्या पुरवठ्याची असते. डिस्टॉर्शन चढवलं की ती असह्य होते. स्लिपनॉटच्या जिम रूटची टेलिकास्टर मेटलमध्ये चालते, पण तिच्यात दोन हंबकर आहेत. तिचा आकार टेलिकास्टरचा, आतला जीव वेगळा. नेहमीच्या टेलिकास्टरला कंपनाची दांडीही नसते, त्यामुळे सूर लोंबकळवणारी शैली तिच्यावर जमत नाही. आणि एकाच कार्यक्रमात चार वेगळ्या जुळवण्या हव्या असतील, तर मंचावर खुंट्या पिळत बसण्यापेक्षा दुसरी गिटार जवळ असलेली बरी.

जॅझकडे वळायचं म्हणून कोणी नवी गिटार घेत असेल, तर आधी फ्लॅटवाउंड तारांचा एक संच लावून पाहावा. त्याला गिटारच्या किमतीचा छोटासा अंश लागतो आणि बोटं घासल्याचा चरचराट जवळपास जातो. या तारा आधीच्यापेक्षा जाड असतील, तर ताण वाढून नेक किंचित वाकेल. तेव्हा नेकमधला ट्रस रॉड जुळवून घ्यावा, आणि नटच्या खाचांत तारा अडकत असतील तर खाचा रुंद करणं जाणत्या कारागिरावर सोडावं.