कुडाचं घर पाडण्याआधी

मैत्रिणींनो, मरोळ म्हटलं की मेट्रो, एमआयडीसी आणि गाड्यांची गर्दी डोळ्यांसमोर येते. पण मरोळ-मरोशी रस्त्याने आरेकडे वळलं की वारली आदिवासींचे पाडे लागतात. आरे दूध वसाहत १९४९ साली आली, हे लोक त्याच्याही आधीचे. त्यांचं मूळचं घर कुडाचं.

कूड म्हणजे काय, हे जव्हार-मोखाड्याच्या तायांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. कारवी साधारण आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग वाळते. तिचे सरळ दांडे एकाला एक लावून उभे करायचे, आडव्या बांबूच्या कामट्यांनी बांधायचे आणि दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपायची. मातीत भाताचं तूस किंवा पेंढा मिसळला की ती वाळताना कमी तडकते. घराचा भार लाकडी मेढींवर असतो, भिंतीवर नाही. वर पेंढ्याचं किंवा गवताचं छप्पर, तेही चांगलं उतरतं. उतार कमी पडला की पाणी रेंगाळतं आणि पेंढा कुजतो.

पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी बसवत नाही. पेंढ्याच्या थरात हवा अडकून राहते, म्हणून ऊन लवकर आत शिरत नाही. धुरामुळे छपराला कीड कमी लागायची, हेही खरं. पण तोच धूर आपल्या डोळ्यांत आणि छातीत जायचा, ते कौतुकाने सांगण्यासारखं नाही.

मातीचं प्रत्येक घर सारखं नसतं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वरचं माळवदाचं ओझं झोपलेल्या माणसांवर कोसळलं. हजारो माणसं गेली. उलट २००१ च्या भूकंपात कच्छमधले मातीचे गोल भुंगे बऱ्याच ठिकाणी टिकले. गोल आकार आणि हलकं छप्पर कामी आलं. तेव्हा "मातीचं म्हणजे धोक्याचं" असं सरसकट म्हणू नये. जड छप्पर कशावर उभं आहे, ते आधी बघावं.

कुडाच्या घराची खरी कमजोरी भिंतीच्या पायाशी असते. जोतं उंच आणि वळचण लांब असेल, तर पावसाचे शिंतोडे भिंतीला लागत नाहीत. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मात्र मारू नका. आत गेलेला ओलावा बाहेर पडत नाही, माती भुसभुशीत होते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो.

आता हे लिंपायचं कोणी? सारवणं, लिंपणं, गेरू देणं हे बायकांचंच काम. लग्नात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा मानही वारल्यांमध्ये सवाशिणींचा. आफ्रिकेत बुर्किना फासो देशातल्या तिएबेले गावीही मातीच्या भिंती रंगवतात त्या बायकाच. मालीतल्या जेन्ने गावात मातीची मोठी मशीद आहे. तिला सगळं गाव मिळून लिंपतं, पुरुष भिंतीवर चढतात आणि बायका पाणी वाहतात. आपल्याकडे पुरुष निदान शिडीवर तरी चढतात का, विचारून बघा!

राष्ट्रीय उद्यानातून आता कारवी तोडता येत नाही, पेंढा विकत घ्यावा लागतो आणि दरवर्षी लिंपायला वेळ कोणाकडे आहे? त्यामुळे पक्कं घर हवंसं वाटलं तर त्यात चूक काही नाही. गावाकडच्या तायांना प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचं असावं लागतं. जागा असेल तर जुन्या घराची एक कुडाची खोली किंवा पडवी राहू द्या, उन्हाळ्यात तीच कामाला येईल. आणि नवं घर बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर व्हावं, असं योजनेतच आहे. जुनं पाडण्याआधी ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा आणि ज्या भिंती तुम्ही इतकी वर्षं सारवल्या, त्यांच्यापुढे नाव कोणाचं आहे ते वाचा. तुमचं नसेल, तर पुढच्या मासिक बैठकीत विषय घ्या, अर्ज सगळ्याजणी मिळून लिहू.